फळीची आतली बाजू

ब्रिज स्ट्रीटवरच्या त्या घराची दारं सिरिल बेलिसने आयुष्यात एकोणीस वेळा रंधली.

दार अडकायला लागलं की भाडेकरू निरोप पाठवायचा आणि सिरिल रंधा घेऊन यायचा. दोन जिने चढायचे. दार बिजागऱ्यांतून सोडवायचं, दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकायचं, वरच्या कडेचं एक सूत, इंचाचा आठवा भाग, काढायचं, कधी अर्धंच, आणि पुन्हा चढवायचं. जड ओकचं दार एकट्याने चढवायचं तर खालून पायाच्या अंगठ्याने पाचर सरकवत न्यावी लागते आणि खांद्याने तोल धरावा लागतो. काम पाऊण तासाचं. निघताना भाडेकरू हटकून विचारायचा, "दमट हवेनं फुगतं, नाही का?"

"नदी जवळ आहे," सिरिल म्हणायचा.

दार फुगलेलं नसायचं. चौकट खाली येत होती. पन्नास वर्षांत त्या दाराची वरची कड एवढी तिरकी झाली की बिजागरीकडची बाजू आणि कडीकडची बाजू यांत दीड इंचाचा फरक पडला. सिरिलला कारण पहिल्यापासून माहीत होतं. ती चौकट त्यानेच खाली आणली होती.

इंग्लंडमधल्या चेस्टर शहराच्या जुन्या रस्त्यांवर दुकानांचे दोन थर आहेत. एक रस्त्यालगत, दोन पायऱ्या जमिनीत उतरलेला, दगडी कमानींचा. दुसरा जिना चढून वर. तिथं दुकानांसमोरून छताखालची एक वाट जाते, घरांच्या पोटातून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिला सगळे रो म्हणतात. रोच्या वर राहत्या खोल्या. बाहेरून दिसणारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची शोभा अलीकडची, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. बाहेरगावचे लोक तिचे फोटो काढतात. खरं जुनं लाकूड आत असतं, फळ्यांमागे, अंधारात. तेच घर उचलून धरतं.

सिरिल पंधराव्या वर्षी एका सुतारकामाच्या कंपनीत लागला आणि इनॉक टिलस्टनच्या हाताखाली पडला. इनॉक डावखुरा होता, कमी बोलायचा, आणि नाकाने एक लांब श्वास आत ओढला की समजायचं, आता चूक निघणार. सिरिलची करवत उजवीकडे ओढायची. कितीही रेघ आखा, पाच इंचांत दोन सूत ती उजवीकडे जायचीच.

"तिकडे कोणी पोरगी राहते का रे तुझी?" इनॉक विचारायचा.

"नाही, मिस्टर टिलस्टन."

"मग करवतीला सांग तसं."

ती खोड गेली नाही. बाकी सगळं सिरिल शिकला. बोटाच्या पेरांनी लाकूड वाजवून आतली कीड ओळखायला शिकला. झाकणाच्या फळीच्या आतल्या बाजूला नाव घालायलाही शिकला. जुन्या सुतारांची ती रीत. दर्शनी बाजूला मालकाचं नाव असतं, सोनेरी अक्षरांत. सुताराने आपलं नाव फळी ठोकण्यापूर्वी आतून पेन्सिलने लिहायचं. नाव, महिना, साल, वाटलं तर त्या दिवशीची हवा. ते कोणी वाचायचं नसतं. कधीतरी शंभर वर्षांनी दुसरा सुतार फळी काढतो आणि त्याला कळतं की आपल्याआधी इथं कोण उभं होतं.

१९५८ च्या ऑक्टोबरात त्या घरातल्या टोप्यांच्या दुकानाला नवी दर्शनी बाजू बसवायची होती. मोठी एकसंध काच. इनॉक आणि सिरिल यांनी जुन्या तावदानांची चौकट दोन दिवसांत उतरवली. वर तुळई होती, ओकची, बावीस फूट लांब, चौदा इंच उंच, कोणी म्हणे सहाशे वर्षांची. तीन मजल्यांचं ओझं तिच्यावर. मग काच आली आणि ती पाच इंच जास्त उंच निघाली. मुकादम स्नेडने माप तुळईच्या तळापर्यंत न घेता नुसत्या नजरेच्या अंदाजाने सांगितलं होतं.

"काच कापता येत नाही," स्नेड म्हणाला. "लाकूड कापता येतं."

"काच परत पाठव," इनॉक म्हणाला.

"शनिवारी दुकान उघडायचंय."

"मग शनिवारी उघडू नका."

"चौदा इंच आहे की, टिलस्टन! पाच गेले तरी नऊ उरतात. माझं अख्खं छप्पर चार इंचांवर उभंय."

"तुझ्या डोक्यावर तीन मजले नाहीत, तिथं चार पुरतात. खालचे पाच इंच ताण घेतात, स्नेड. वरचे नऊ नुसते बसून असतात. हे मुकादम झाल्यावर विसरलास, का आधीपासूनच माहीत नव्हतं?"

रंगारी हसला. स्नेड हसला नाही. "मी सांगतोय ते करायचं नसेल तर घरी जा."

इनॉकने हत्यारं एक एक पुसली आणि तेलकट फडक्यात गुंडाळली. पटाश्या सहा, करवती तीन. दहा मिनिटं लागली. पिशवी खांद्याला लावून तो रोच्या जिन्याशी थांबला आणि सिरिलकडे वळला.

"येतोस?"

सिरिल चोवीस वर्षांचा होता. लग्नाला सहा महिने झाले होते. त्याने बुटांकडे पाहिलं. वर पाहिलं तेव्हा जिना रिकामा होता.

तुळई कापायला एक अख्खा दिवस गेला. डोक्यावर हात करून करवत चालवायची, भुसा डोळ्यांत. जुना ओक लोखंडासारखा. वीस ओढी झाल्या की हात खाली सोडून रक्त उतरू द्यायचं. दोन टोकांना दोन काप, पाच पाच इंच खोल, मधे सात फूट. मग पाचरा मारून मधला भाग फोडायचा. तो साडेतीन वाजता सुटला आणि मचाणावर आदळला. त्याच क्षणी वर, रिकाम्या मजल्यावर, कोणीतरी खुर्चीत बसल्यासारखा आवाज झाला. भार टाकून, सावकाश, म्हातारं माणूस बसतं तसा.

सगळ्यांनी वर पाहिलं.

"लाकूड बसतंय," स्नेड म्हणाला. "चला, झाका ते."

झाकायला देवदारची रुंद फळी होती. सिरिलने ती मापात कापली, रंधली, आणि पेन्सिल हातात धरून उभा राहिला.

"घाल की नाव," स्नेड म्हणाला. "का लाज वाटते?"

"म्हातारबाचं घाल!" रंगारी खालून ओरडला. "तो नाही आला तर नाही आला. नाव तरी कामावर येऊ दे!"

हशा पिकला. सिरिलही हसला. ते हसू पुढे पन्नास वर्षं त्याला तोंडात कडू लागायचं. त्याने इनॉकसारखी मोठी अक्षरं काढली, टिलस्टनमधल्या पहिल्या अक्षराची आडवी रेघ इनॉक ओढायचा तशी लांब ओढली. ई. टिलस्टन. ऑक्टोबर १९५८. हवा कोरडी. बारा खिळ्यांनी फळी ठोकली. शनिवारी दुकान उघडलं.

इनॉकला नऊ दिवसांनी कंपनीने परत बोलावलं, दुसऱ्या जागी, कारण तसा जिना करणारा दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता. सिरिलला पुन्हा त्याच्याबरोबर घातलं. इनॉकने काही विचारलं नाही. दोघांनी पुढे सोळा वर्षं एकत्र काम केलं. नाताळच्या दिवशी सिरिल आणि त्याची बायको नोरा टिलस्टनांकडे जेवायला असायचे. एकदाच, एका सकाळी रोमधून जाताना, इनॉक त्या दुकानासमोर थांबला. हात वर करून त्याने फळीवर पेरांनी ठोकलं. कान लावला. मग नाकाने श्वास ओढला आणि चालू लागला. सिरिल मागे होता. पुढच्या कोपऱ्यापर्यंत तो चूक निघण्याची वाट पाहत राहिला. ती निघाली नाही.

इनॉक १९७४ मध्ये छातीच्या रोगाने गेला. शवपेटी सहा जणांनी उचलली, सिरिल डाव्या बाजूला मधला होता. वजन फार नव्हतं.

त्यानंतर वरच्या मजल्यावर दार रंधताना सिरिलला एकटं वाटेना. रंधा चालू असायचा तोवर ठीक. धार तपासायला थांबला की पाठीमागे, दाराविना उघड्या पडलेल्या चौकटीत, कोणीतरी उभं असायचं. पाऊल वाजायचं नाही. फक्त श्वास यायचा, लांब, नाकाने ओढलेला. तो वळायचा. चौकट रिकामी, आणि वाकडी. खिडकीतून दुपारचं स्वच्छ ऊन पडलेलं. त्याला हवेची कारणं माहीत होती. चिमणीची भोकं, फरशीखालच्या पोकळ्या, फटी. त्यातली एकेक त्याने बुजवली. पोकळी बुजली की श्वास दुसरीकडून यायचा.

भाडेकरू टिकत नव्हते. पियानो शिकवणारी एक बाई दोन वर्षं राहिली आणि म्हणाली, संध्याकाळी साडेपाचनंतर घरात कोणीतरी चालतं. सिरिलला ठाऊक होतं, साडेपाचला खालचं दुकान बंद होतं, शेगड्या विझतात, लाकूड थंड होतं आणि तुळईतला काप मिटतो. हे त्याने तिला सांगितलं नाही. "नदी जवळ आहे," एवढंच म्हणाला.

मग शहरात भुतांच्या फेऱ्या निघाल्या. काळा झगा घातलेला एक माणूस संध्याकाळी पंचवीस-तीस जणांना घेऊन रोमधून फिरवायचा. त्या घराला त्याने एका पायाचा खलाशी दिला. सॅम्युअल नाव दिलं, खून दिला, विश्वासघातकी भाऊ दिला. "श्वास रोखा," तो म्हणायचा, "तो जिना चढतोय." आणि बरोबर त्या वेळी वर लाकूड कण्हायचं. बायका किंचाळायच्या, मग हसायच्या. सिरिल एकदा गर्दीच्या मागे उभा राहून ऐकत होता. शेजारची बाई त्याला म्हणाली, "तुमचा विश्वास आहे का हो असल्या गोष्टींवर?"

"खलाशावर नाही," सिरिल म्हणाला.

२००९ च्या मार्चमध्ये वरच्या मजल्याची भिंत चिरली. शहराच्या नगरपालिकेने पाहणी केली आणि दर्शनी बाजू उघडायची ठरली. काम गेथिन मॅडॉक्सकडे आलं. मोल्ड गावचा सुतार, पंचेचाळिशीचा, कामाला स्वच्छ, तोंडाला फटकळ. जुन्या सुतारांची नावं सापडली तर ती मांडून ठेवायची, असं शहराने ठरवलं होतं, आणि त्यासाठी गुरुवारी सकाळी दहाला फळी काढताना हजर राहायला इनॉकच्या मुलीला बोलावलं होतं.

ऑलवेन टिलस्टन तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. शाळेत शिकवायची, आता निवृत्त. लग्न केलं नव्हतं. गेली दहा वर्षं ती बापाची नावं शोधत होती. कुठंही जुनी फळी निघाली, जिना उघडला, की ती वही घेऊन जायची.

बुधवारी सिरिल तिच्या घरी गेला. खिशात एक छोटी पोलादी खरवडणी होती. रात्रभर त्याने हिशेब केला होता: बारा खिळे, चार मिनिटं. पेन्सिलचं नाव, वीस ओढी. सकाळी सातला गेथिनच्या आधी पोचायचं. म्हणजे नाव जाईल आणि इनॉक मोकळा होईल. ऑलवेनला भेटायचं ते फक्त, ती किती वाजता येणार हे विचारायला.

"बस. असा दारात काय उभा राहतोस विक्रेत्यासारखा?" तिने चहा ओतला, लोणी लावलेला बेदाण्यांचा पाव पुढे केला. "खा. नोरा गेल्यापासून तू नुसता चौकटीसारखा झालायस."

तिने वही उघडली. तेरा नावं. प्रत्येकाचा फोटो, जागा, तारीख. तेराही कामं जागच्या जागी, एकही सांधा हललेला नाही.

"हे चौदावं," ती म्हणाली. "ब्रिज स्ट्रीटचं. ते तिथं असणारच. हे बघ, कंपनीच्या जुन्या कागदांत मिळालं." तिने एक नक्कल पुढे सरकवली. रोजच्या कामाची नोंद. ब्रिज स्ट्रीट, टोप्यांचं दुकान, दर्शनी बाजू. टिलस्टन, बेलिस.

टिलस्टन आधी. स्नेडने घरी पाठवलेल्या माणसाचं नावही खोडलं नव्हतं.

सिरिलने खिशातल्या खरवडणीवरचा हात काढला. फळीवरून नाव गेलं तरी कागदावर राहणार होतं. तुळई कापलेली सापडणार, आणि तिथं मोठा सुतार कोण होता हे लोक कागदावरून वाचणार. इनॉक टिलस्टन, ज्याने सहाशे वर्षांचं लाकूड काचेसाठी तोडलं.

"ऑलवेन," तो म्हणाला.

"हं?"

"उद्या तू नाही आलीस तर?"

"वेडा आहेस का? मी नवा कोट काढलाय."

त्याने चहा संपवला. पुढचं वाक्य त्याला चारदा सुचलं आणि चारही वेळा ते दातांशी थांबलं. निघताना ती दारातून म्हणाली, "तू पण ये. तुझंही नाव असेल तिथं. बाबा एकट्याचं थोडंच घालतील!"

गुरुवारी दहाला रोमध्ये मचाण लागलं होतं. शहराची एक बाई कॅमेरा घेऊन आली होती. ऑलवेन नव्या निळ्या कोटात खाली उभी.

"मिस्टर बेलिस," गेथिन वरून म्हणाला, "शिडी चढताय का डॉक्टरकडे निघालाय? द्या हात."

"हात स्वतःजवळ ठेव. मी तुझ्या जन्माआधी शिड्या चढत होतो."

"ते दिसतंय. शिडीही तेव्हाचीच वाटते पायाखाली."

गेथिनने खिळे एकेक काढले, ओरखडा न पाडता. सिरिल मोजत होता. बारावा निघाला तेव्हा फळी स्वतःच्या वजनाने पुढे झुकली, आणि आतून पन्नास वर्षं कोंडलेली हवा बाहेर आली. धूळ, राळ, आणि त्याखाली, सिरिल शपथेवर सांगेल, इनॉकच्या तंबाखूचा वास. त्याने मचाणाचा पाइप घट्ट धरला.

गेथिनने फळी उलटी केली. "आहे! ई. टिलस्टन. हवा कोरडी."

"बाबा," ऑलवेन खालून म्हणाली, तेवढंच. कॅमेऱ्याचा आवाज झाला.

मग गेथिनने दिवा तुळईवर धरला आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने कापात बोटं घातली. मधोमध, खालून वर, एक भेग गेली होती आणि तिच्यात त्याची अख्खी पट्टी मावली. "अरे देवा," तो हळू म्हणाला. "हे कोणी केलं? पाच इंच! खालून! हे घर उभं कशावर आहे?" त्याने हातातल्या फळीकडे पाहिलं, मग खाली ऑलवेनकडे.

ती शिडी चढून वर आली. कोणी तिला अडवलं नाही. शिक्षिका होती, पण सुताराची मुलगी होती. समजावून सांगायची गरज नव्हती. तिने काप पाहिला. नाव पाहिलं.

"हे अक्षर माझं आहे," सिरिल म्हणाला. "काप माझा. तुझ्या बाबांनी नाही म्हटलं आणि ते घरी गेले. नाव मी घातलं. थट्टा म्हणून."

ऑलवेनने त्याच्या बाहीवर हात ठेवला.

"नको, सिरिल," ती म्हणाली. "तू चांगला आहेस. पण त्यांची चूक अंगावर घेऊ नकोस. हे त्यांचंच अक्षर आहे. लांब रेघ बघ."

"त्यांचीच उचलली मी."

"मिस्टर बेलिस," गेथिन म्हणाला, मऊ आवाजात, आणि तो मऊपणा सिरिलला थप्पड मारल्यासारखा लागला. "मीही माझ्या उस्तादासाठी हेच केलं असतं. जाऊ दे आता."

खोटं पन्नास वर्षं खपलं होतं. खरं बोलला तर दोन मिनिटंही कोणी धरेना.

"दिवा धर," सिरिल म्हणाला. "उजवीकडचा काप. भिंत किती लांब आहे त्यापासून?"

"नऊ इंच."

"टिलस्टन डावखुरे. डावखुऱ्याचं अंग करवतीच्या उजवीकडे असतं. नऊ इंचांत उभं राहून दाखव."

गेथिनने अंग वळवून पाहिलं. खांदा भिंतीला घासला. "उजव्या हाताने कापलं असेल इथलं."

"मग काप सरळ आहे का बघ."

गेथिनने काटकोन तपासायचा गुण्या लावला. दोन्ही काप वर जाता जाता उजवीकडे कलले होते. त्याने पट्टी धरली. "दोन सूत. दोन्हीकडे."

"मला ओक दे. डोक्यावर बांध. आणि करवत दे."

"तुमचं वय…"

"दे म्हणतो ना."

त्यांनी ओकचा जुना तुकडा मचाणाच्या पाइपला डोक्यावर आवळला. सिरिलने गुण्याने रेघ आखली, सरळ, सगळ्यांना दिसेल अशी, आणि करवत लावली. पहिल्या दहा ओढींत भुसा डोळ्यांत गेला. पंधरावीला खांदा पेटला. हात खाली सोडून त्याने रक्त उतरू दिलं, पुन्हा वर केले. रेघेवर राहायचा त्याने मनापासून प्रयत्न केला. आयुष्यात इतका प्रयत्न त्याने कधी केला नव्हता, कारण मुद्दाम वाकडं कापलं असं कोणाला वाटायला नको होतं. तीन इंचांवर गेथिन म्हणाला, "पुरे." सिरिल थांबला नाही. पाठीमागे त्याला तो श्वास ऐकू येत होता, नाकाने ओढलेला, अगदी जवळ. या वेळी तो वळला नाही. चाळीस मिनिटांनी पाच इंच झाले. छातीत शिट्टी वाजत होती आणि उजवा हात करवतीवरून सुटेना. गेथिनला बोटं एकेक सोडवावी लागली.

गेथिनने गुण्या लावला. पट्टी धरली. मग तोच गुण्या जुन्या कापाला लावला.

"दोन सूत," तो म्हणाला. या वेळी आवाज मऊ नव्हता.

ऑलवेनने दोन्ही काप पाहिले. सिरिलच्या बाहीवर तिने पुन्हा हात ठेवला नाही.

"नाताळला तू आमच्या टेबलावर असायचास," ती म्हणाली. "बाबा तुला पहिला वाटा कापून द्यायचे." आणि ती शिडी उतरून गेली, मागे न बघता, कोटाला लागलेली धूळ तशीच घेऊन.

तुळईखाली पोलादी टेकू लागले. जॅकने ती रोज अर्धा सूत वर उचलायची, जास्त नाही, नाहीतर वरच्या भिंती फुटतात. सिरिल रोज जाऊन रोच्या कठड्याशी उभा राहायचा. गेथिन त्याच्याशी कामापुरतं बोलायचा. फळीचं काय करायचं, असं शहराच्या बाईने विचारलं तेव्हा सिरिलने जे झालं ते कागदावर लिहून खाली सही करून दिली. अर्ध्या पानात मावलं.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, ऑलवेन पूल ओलांडून नदीपलीकडच्या हँडब्रिजला त्याच्या घरी आली. त्याने खुर्ची दिली. तिने कोट काढला नाही.

"निघताना ते काय म्हणाले? नेमकं सांग. स्वतःचं काही घालू नकोस."

त्याने सांगितलं. काच परत पाठव. शनिवारी उघडू नका. हत्यारं पुसायला दहा मिनिटं. मग जिन्याशी थांबून, येतोस?

"आणि तू?"

"बुटांकडे पाहिलं."

"किती दिवस कामावर नव्हते?"

"नऊ."

"नऊ," ती म्हणाली. तिने हातमोजे मांडीवर ठेवले, एकावर एक, कडा जुळवून. "मामाने आईला सांगितलं होतं, दारू पिऊन मुकादमाशी भांडला म्हणून हाकलला. आईने खरं मानलं. बाबा शेगडीपुढे बसून असायचे. मी सोळा वर्षांची होते. दुपारच्या सुट्टीत शाळेतून जेवायला आले आणि त्यांच्या तोंडावर म्हणाले, मैत्रिणींना सांगायची लाज वाटते मला तुमची. ते काही बोलले नाहीत. कोट घातला आणि बाहेर गेले. अंधार पडल्यावर आले." ती थांबली. "मला वाटलं, कबूल आहे म्हणून गप्प आहेत. ती गोष्ट मी परत कधी काढली नाही. त्यांनीही नाही. शेवटपर्यंत."

सिरिलकडे तिला द्यायला काही नव्हतं. एक सोडून. ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, कागदावरही लिहिलं नव्हतं.

"ते समोरच्या रोमध्ये होते," तो म्हणाला. "आम्ही रंग देत होतो, दुकान उघडल्यानंतरच्या आठवड्यात. दुपारी. कोट घालून, कठड्याला टेकून, आमच्याकडे बघत. मी ओळखलं आणि पाठ फिरवली."

"किती वेळ होते?"

"चारला काम सुटलं," सिरिल म्हणाला. "तेव्हाही होते."